हार्ड डिस्कवर बॅड सेक्टर दिसले तर: आधी प्रत, मग दुरुस्ती

प्रश्न थोडक्यात असा. सहा-सात वर्षं जुना लॅपटॉप, आत १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. महिनाभर विंडोज सुरू व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतायत, फोटोंचा एक ठरावीक फोल्डर उघडला की सगळं गोठतं, अधूनमधून आतून बारीक टकटक येते. डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम पिवळा ‘कॉशन’ दाखवतोय: सी५ आणि सी६ समोर १२८, ०५ समोर १०, सी७ समोर शून्य, आणि ०१ समोर घाबरवणारा लांबलचक आकडा. दुकानात सांगितलं की चेकडिस्क (विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करायचं साधन) मारून बघू, नाही जमलं तर फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकू, बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे वाचता न येणारे बारीक तुकडे, निघून जातील. डिस्कवर मुलीच्या जन्मापासूनचे फोटो आणि दुकानाचा टॅलीचा डेटा आहे. शेवटचा बॅकअप दीड वर्षापूर्वीचा. चेकडिस्क करू का?

नका करू. आणि लॅपटॉप चालू असेल तर आत्ता बंद करा. विंडोज नुसतं चालू असलं तरी अपडेट, अँटिव्हायरस, सर्च इंडेक्सिंग, पेजफाइल यांचं लिहिणं-वाचणं सतत सुरूच असतं. तुमच्या डिस्कमध्ये वाचून होण्याइतकी जी काही ताकद उरलीय ती सगळी तुमच्या फायलींसाठी राखून ठेवायची आहे. मी डेटा रिकव्हरीचं काम करतो. माझ्याकडे ज्या डिस्क अगदी हाताबाहेर गेलेल्या अवस्थेत येतात, त्यांतल्या बऱ्याच मूळ बिघाडाच्या दिवशी व्यवस्थित वाचता आल्या असत्या. पुढच्या दोन-चार दिवसांत स्कॅन, रिपेअर, रीस्टार्ट असं जे होत राहतं, त्यात त्या जातात.

आता तुमचे आकडे बघू, कारण त्यांत बरंच काही आहे.

पहिली गोष्ट, क्रिस्टलडिस्कइन्फो कच्चे आकडे हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत दाखवतो. फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, तिथे दहाचा पर्याय निवडला की नेहमीचे आकडे दिसतात. तुम्हाला दिसलेलं १२८ म्हणजे आपल्या हिशेबात २९६, आणि ०५ समोरचं १० म्हणजे १६. सी५ म्हणजे ‘पेंडिंग’ सेक्टर: डिस्कने वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि संशयित म्हणून नोंद करून ठेवली. ०५ म्हणजे कायमचे बाद करून राखीव जागेत हलवलेले. सी६ म्हणजे डिस्कने स्वतःच्या तपासणीत न वाचता आलेले. बऱ्याच डिस्कवर सी५ आणि सी६ जोडीनेच वाढतात.

२९६ ला ८ ने नि:शेष भाग जातो, भागाकार ३७. हा योगायोग नव्हे. आजकालच्या डिस्कमध्ये प्रत्यक्षातला सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो आणि कॉम्प्युटरला तो ५१२ बाइटचे आठ तुकडे करून दाखवला जातो. म्हणजे खरे बिघडलेले सेक्टर ३७. १ टीबी डिस्कवर ५१२ बाइटचे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात. त्यातले २९६ वाचता येत नाहीत, सगळे मिळून जेमतेम १४८ केबी. आज या क्षणी तुमचा जवळजवळ सगळा डेटा शाबूत आहे. ही खरोखर चांगली बातमी आहे, आणि घाई याचसाठी आहे.

तरीही विंडोजला वीस मिनिटं का लागतात? एक सेक्टर वाचता आला नाही की डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, प्रत्येकावर कित्येक सेकंद घालवते. वर विंडोज एकेका विनंतीसाठी साठ सेकंदांपर्यंत थांबतं, आणि मग परत विचारतं. असे चार-पाच सेक्टर सुरुवातीला लागणाऱ्या फायलींमध्ये आले की तेवढ्यात पाव तास जातो. फोटोंच्या फोल्डरचंही तेच.

सी७ शून्य आहे हे कळवलंत ते बरं झालं. सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या दळणवळणातल्या चुका. डेस्कटॉपवर हा आकडा वाढत असेल आणि सी५ शून्य असेल तर बहुतेक वेळा साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) बदलून काम भागतं. (तो आकडा कधी कमी होत नाही. लिहून ठेवायचा, केबल बदलायची आणि वाढायचा थांबला का ते बघायचं.) तुमच्या बाबतीत केबलचा संशय काढून टाकता येतो. ०१ कडे मात्र दुर्लक्ष करा. सीगेटच्या ड्राइव्हवर ०१ आणि ०७ चे कच्चे आकडे नव्या कोऱ्या डिस्कवरही अवाढव्य असतात, कारण त्या एकाच आकड्यात चुका आणि एकूण वाचनं दोन्ही भरलेली असतात.

ज्यांचा क्रिस्टलडिस्कइन्फो निळा-हिरवा ‘गुड’ दाखवतोय आणि तरी लॅपटॉप असाच वागतोय, त्यांनीही निर्धास्त राहू नये. गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कवर स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, सी५-सी६ हे त्यातलेच आकडे) चार मुख्य खुणांपैकी एकही उमटलेली नव्हती. उलट बाजूने, ज्या डिस्कवर पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडली, त्या पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट होती. म्हणजे हिरव्यावर विश्वास ठेवू नये, पण पिवळा दिसला तर तो खरा धरावा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डिस्क’ या नावाखाली ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी दिसत असतील तर तेही तेवढंच गंभीर आहे.

आता चेकडिस्क. तिचं काम फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची व्यवस्था, सुसंगत करणं हे आहे. तुमच्या फायली वाचवणं हे तिचं काम नाही, आणि या दोन गोष्टी बिघडलेल्या डिस्कवर एकमेकींच्या विरुद्ध जातात. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक फाइलचं नाव, आकार, डिस्कवरची जागा हे सगळं एमएफटी नावाच्या तक्त्यात असतं, एका फाइलला साधारण १ केबीची नोंद. म्हणजे एमएफटीतला ४,०९६ बाइटचा एक सेक्टर वाचता आला नाही तर चार फायलींचा पत्ता हरवतो. फायली डिस्कवर जागच्या जागी असतात, फक्त नोंद वाचता येत नसते. चेकडिस्क अशी नोंद बाद ठरवते, ती जागा मोकळी समजते, आणि जे अनाथ तुकडे सापडतील ते फाउंड.००० नावाच्या फोल्डरमध्ये नाव-गाव नसलेल्या फायली करून टाकते. शिवाय हे सगळं त्याच डिस्कवर लिहिलं जातं. आर हा पर्याय दिला तर त्यावर कडी म्हणजे पूर्ण डिस्क एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचली जाते, प्रत्येक खराब सेक्टरवर अडत अडत. इतकं वाचायचंच असेल तर ते दुसरीकडे प्रत उतरवण्यासाठी वाचावं. याच कारणाने स्मार्टची लांब सेल्फ-टेस्टही आत्ता चालवू नका.

फॉरमॅट केल्यावर बॅड सेक्टर ‘जातात’ हे दुकानदाराचं म्हणणं खोटं नाही, आणि म्हणूनच ते फसवं ठरतं. पेंडिंग सेक्टरवर नव्याने काही लिहिलं की डिस्कला तो निकाली काढता येतो: लिहिलेलं परत नीट वाचता आलं तर तो सेक्टर तसाच ठेवते, नाही तर राखीव जागेतला सेक्टर त्याच्या जागी देते. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट म्हणजे सगळीकडे शून्य लिहिणं. त्यामुळे फॉरमॅटनंतर सी५ खरोखरच शून्य होतो, क्रिस्टलडिस्कइन्फो पुन्हा ‘गुड’ म्हणू शकतो, लॅपटॉप पळायला लागतो. डेटा गेलेला असतो, आणि ज्या कारणाने ते ३७ सेक्टर बिघडले, म्हणजे झिजलेलं हेड (तबकडीवर लिहिणारा-वाचणारा भाग) किंवा पृष्ठभागावरून उडालेला कण, ते कारण तिथेच असतं.

टकटक आवाजाबद्दल नीट ऐकून ठरवायला हवं, कारण पुढचा सगळा मार्ग त्यावर अवलंबून आहे. लॅपटॉपची डिस्क काही सेकंद काम नसलं की हेड बाजूच्या उतारावर नेऊन ठेवते. त्याचा एकेरी, हलका ‘टिक’ येतो. तो निरोगी डिस्कचाही येतो. खराब सेक्टर पुन्हा पुन्हा वाचताना अनियमित किरकिर येते. काळजीचा आवाज वेगळा असतो: एका तालात, साधारण सेकंदाला एक, ठणठणीत टक्… टक्… टक्, आठ-दहा वेळा, आणि मग मोटर मंदावून थांबते. त्याचा अर्थ हेडला डिस्कवरच्या खुणा सापडत नाहीत. सुरू करताच बारीक ‘बीप’सारखा आवाज येऊन डिस्क फिरतच नसेल तर हेड तबकडीवर चिकटलंय किंवा मोटर अडकलीय. या दोन्हींत घरी करण्यासारखं काहीही नाही. एकदाही परत चालू करू नका.

हे इतक्या ठामपणे सांगतो कारण अशा डिस्क उघडल्यावर काय दिसतं ते मी बघत आलोय. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं आणि खाली तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा फिरत असते. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात, वर चुंबकीय थर अतिशय पातळ. मोडकं हेड घासत राहिलं की आधी आरशासारख्या पृष्ठभागावर एक करडं वर्तुळ उमटतं. तरीही चालूच ठेवली तर थर पूर्ण निघतो आणि कड्याच्या आकाराच्या पट्ट्यातून आरपार दिसायला लागतं. खाली गाळणीच्या कापडावर काळी पूड जमलेली असते. त्या पुडीत लोकांचे फोटो असतात, आणि तिथून जगातली कुठलीही लॅब ते परत आणू शकत नाही.

तुम्ही लिहिलंय ती टकटक ‘बारीक’ आणि ‘अधूनमधून’ आहे, विंडोज उशिरा का होईना सुरू होतं, आणि आकडे सेक्टरकडे बोट दाखवतायत. त्यावरून तुमचा आवाज काळजीच्या त्या दोन प्रकारांतला नाही असं मी धरतो. या अवस्थेत डिस्कची प्रत घरी काढता येते. मात्र हे फोटो अजिबात गमावता येणार नाहीत असे असतील आणि लॅबचा खर्च परवडत असेल, तर डिस्क आहे त्या स्थितीत लॅबला द्या. घरचा प्रयत्न कितीही काळजीपूर्वक केला तरी त्यात जोखीम असते.

घरी करायचं तर असं. लॅपटॉपची डिस्क बाहेर काढा. डेस्कटॉप उपलब्ध असेल तर तिथे थेट साटा केबलला जोडा. यूएसबीच्या एन्क्लोजरमधून (डिस्क बाहेरून जोडायची डबी) काम होतं, पण खराब सेक्टर आला की एन्क्लोजरमधली चिप अडकते आणि डिस्क मध्येच गायब होते. प्रत घ्यायला २ टीबीची नवी किंवा खात्रीची डिस्क घ्या, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली चालणार नाही, कारण तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. दुसऱ्या कुठल्याही विंडोजला बिघडलेली डिस्क जोडू नका. जोडावी लागलीच तर ‘स्कॅन अँड फिक्स’ला आणि ‘फॉरमॅट करायचं का’ला ठामपणे नाही म्हणा. कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू करा. सिस्टीमरेस्क्यू घेतलंत तर लागणारं साधन, जीएनयू डीडीरेस्क्यू, आधीच आत असतं. उबुंटूमध्ये ते टाकावं लागतं आणि तिथे पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे.

डीडीरेस्क्यूची रीत जीर्ण पोथीची नक्कल उतरवणाऱ्यासारखी आहे: जी पानं सहज सुटतात ती आधी उतरवायची, चिकटलेल्यांना हात न लावता पुढे जायचं, आणि सगळं हाती आल्यावर शेवटी चिकटलेल्या पानांकडे वळायचं. विंडोजची कॉपी-पेस्ट पहिल्याच चिकटलेल्या पानाशी झटत बसते. डीडीरेस्क्यू खराब जागा आली की उडी मारून पुढे जातं, मग उलट दिशेने येतं, आणि कुठला भाग मिळाला, कुठला नाही हे मॅपफाइल नावाच्या छोट्या फाइलमध्ये लिहीत राहतं. वीज गेली, डिस्क अडकली, तुम्ही स्वतः थांबवलं, तरी त्या मॅपफाइलवरून काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. म्हणून मॅपफाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. लाइव्ह लिनक्सच्या डेस्कटॉपवर ठेवलीत तर ती मेमरीत असते आणि वीज जाताच नाहीशी होते.

आज्ञेतला क्रम जीव मुठीत धरून तपासा: आधी बिघडलेली डिस्क, मग जिथे प्रत जायची ती फाइल, मग मॅपफाइल. फाइलऐवजी थेट दुसऱ्या डिस्कवर प्रत घेताना पहिली दोन नावं उलटी पडली तर कोरी डिस्क तुमच्या डेटावर लिहिली जाते. लिनक्स डिस्कला एसडीए, एसडीबी अशी नावं देतं आणि ती प्रत्येक वेळी तीच राहतील असं नाही. एलएसबीएलके या आज्ञेने मॉडेल आणि सिरीयल नंबर बघा आणि डिस्कच्या लेबलवरच्या नंबराशी ताडून घ्या. शक्यतो फाइलमध्येच प्रत घ्या. पहिली फेरी एन पर्याय देऊन, म्हणजे खराब जागा खरवडायच्या नाहीत. ती पूर्ण झाली की दुसरी फेरी डी आणि आर३ देऊन, म्हणजे उरलेल्या जागांवर तीन प्रयत्न.

निरोगी १ टीबी डिस्क तीन-चार तासांत उतरते. तुमच्या डिस्कला एक-दोन दिवस लागले तरी घाबरू नका. डिस्क सपाट ठेवा, चालू असताना हलवू नका, टेबलफॅन समोर ठेवा आणि तापमान पन्नास अंशांच्या आत राहील असं बघा. डेस्कटॉप यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर हवा. वीज मध्येच गेली तर मॅपफाइल वाचेल, पण बिघडलेली डिस्क प्रत्येक वेळी नव्याने सुरू होताना तिची एकेक परीक्षाच असते.

काम चालू असताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. वेग सुरुवातीला सेकंदाला ८०-१०० एमबी असेल आणि काही केबींवर येऊन तिथेच राहिला, किंवा मॅपफाइलमध्ये चांगला पट्टा, वाईट पट्टा, चांगला, वाईट असा ठराविक अंतराने नमुना दिसायला लागला, तर एक हेड कमजोर झालंय. तबकडीच्या प्रत्येक बाजूला स्वतंत्र हेड असतं आणि डेटा त्यांच्यावर आळीपाळीने पसरलेला असतो, म्हणून तो नमुना उमटतो. तिथे थांबा. जेवढं मिळालं ते आणि मॅपफाइल जपून ठेवा आणि डिस्क लॅबला द्या. आवाज वर सांगितल्यासारखा तालात आला तर लगेच वीज काढा.

प्रत पूर्ण झाली की पुढचं सगळं त्या प्रतीवर. चेकडिस्क चालवायची ती प्रतीच्याही प्रतीवर. फोल्डर सरळ उघडले तर उत्तम. नाहीच उघडले तर टेस्टडिस्क हे रिकव्हरीचं साधन वापरा, आणि सगळ्यात शेवटी फोटोरेक. फोटोरेक फाइलच्या आतल्या खुणांवरून फोटो शोधतं, त्यामुळे नावं आणि फोल्डर दोन्ही जातात आणि हजारो फोटो आकड्यांच्या नावांनी मिळतात. एखाद्या फोटोचा वरचा भाग नीट आणि खालचा करडा दिसला तर त्याच्या मधोमध तुमच्या ३७ पैकी एखादा सेक्टर होता असं समजा.

टॅलीबद्दल मुद्दाम लिहितो, कारण ते दर वेळी राहून जातं. लोक डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उचलतात आणि टॅलीचा डेटा दुसरीकडेच असतो. टॅलीप्राइममध्ये बहुधा सी ड्राइव्ह, युजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा या वाटेने जावं लागतं. आत कंपनीच्या नावाचे फोल्डर नसतात, १०००० सारख्या आकड्यांचे असतात. पूर्ण डेटा फोल्डर उचला. डीटीपीचं काम असेल तर श्री-लिपीसारखे जुने फाँटही सोबत घ्या. युनिकोडच्या आधीच्या त्या फायली नव्या मशीनवर फाँटशिवाय उघडल्या की मराठीच्या जागी निरर्थक अक्षरं दिसतात.

आणखी एक गोष्ट डिस्क काढायच्या आधीच बघा. बऱ्याच लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला विंडोजने घातलेलं कुलूप, मालकाच्या नकळत चालू असतं. प्रत त्याचीही निघते, पण उघडायला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला होता त्यात मोबाइलवरूनही ती दिसते. की कागदावर लिहून घ्या.

फ्रीझरमध्ये डिस्क ठेवायचा सल्ला कुणी देईलच. ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत बाहेर काढल्याबरोबर तबकडीवर दव धरतं. सारख्याच मॉडेलचा सर्किट बोर्ड आणून लावायचा उपायही आता चालत नाही. त्या विशिष्ट डिस्कच्या हेडची मोजमापं बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये असतात, ती चिप काढून नव्या बोर्डवर बसवावी लागते. कोकण-गोव्याकडून येणाऱ्या डिस्कमध्ये बोर्डच्या खालच्या बाजूचे, हेडकडे जाणारे संपर्कबिंदू खाऱ्या हवेने काळे पडलेले असतात, आणि कधीकधी ते नुसते साध्या खोडरबराने साफ केल्यावर डिस्क ओळखली जाते. पण तो उपाय मुळीच न दिसणाऱ्या डिस्कसाठी आहे. तुमची दिसते आहे, तिला हात लावू नका.

लॅब निवडताना मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा की पुण्यात जा, चार प्रश्न विचारा. आधी प्रत काढून मग प्रतीवर काम करता का? डिस्क उघडायच्या आधी मला विचारणार का? हेड बदलायची वेळ आली तर ते स्वच्छ हवेच्या कक्षात, तुमच्याच इथे होतं का बाहेर पाठवता? पैसे देण्याआधी सापडलेल्या फायलींची यादी दाखवणार का? सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर दुसरी लॅब बघा. आणि डिस्क वॉरंटीत असली तरी डेटा निघेपर्यंत कंपनीला पाठवू नका. कंपनी डिस्क बदलून देते, त्यातला डेटा देत नाही.

लॅपटॉपमध्ये आता एसएसडी बसवा, फरक लगेच जाणवेल. पण एसएसडी बहुधा आवाज न करता, पूर्वसूचना न देता जाते, आणि पुसलेल्या फायली ट्रिममुळे (पुसलेली जागा एसएसडीला कळवून मोकळी करून टाकणारी सोय) परत मिळणं जवळपास अशक्य असतं. म्हणून टॅलीचा डेटा रोज दुकान बंद करताना पेनड्राइव्हवर घ्या, आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर एक आणि क्लाउडवर एक असे ठेवा.

जुनी डिस्क इतक्यात फेकू नका आणि वापरूही नका. नव्या मशीनवर टॅलीत कंपनी उघडून चालू वर्षाचा ताळेबंद बघा, फोटोंचे फोल्डर वर्षावार उघडून बघा, मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा. काय राहिलंय ते साधारण महिन्या-दोन महिन्यांत लक्षात येतं. तोवर ती डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, वर तारीख आणि ‘वापरू नये’ असं लिहून कपाटात ठेवा.